आठ फ्रेम आधी

पडद्यावर लिहिलं होतं, 'पुढे जाण्यासाठी त्रिकोण दाबा.'

मी कीबोर्डकडे पाहिलं. त्यावर त्रिकोण नसतो हे ठाऊक होतं, तरी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. मग चिडून एकेक बटण दाबत सुटले. एस्केप दाबल्यावर गेम बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटांनी परत तेच, 'त्रिकोण दाबा.'

मी संग्रामला फोन लावला.

"अगं आक्का, त्रिकोण म्हणजे आर," तो म्हणाला. "कन्सोलच्या बटणावर त्रिकोण असतो ना, ते चित्र बदलायचं राहिलंय. पुढच्या अपडेटला होईल."

"चित्र बदलायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं. पण त्यासाठी कुणीतरी बसायला पाहिजे ना."

मला त्या वस्तूची पहिली शिसारी आली ती तेव्हा.

मी वैजयंती जगदाळे. कराडला मुलींना मल्लखांब शिकवते. व्यायामशाळेच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहते. सकाळी आणि संध्याकाळी वर्ग असतात, मधली दुपार माझी. संग्राम माझा धाकटा भाऊ. तो पुण्यात 'सेतुरंग' नावाच्या कंपनीत होता. टीव्हीला जोडायचा खेळाचा खोका म्हणजे कन्सोल. त्या खोक्यासाठी बनलेले गेम घरच्या कम्प्युटरवर चालतील असे करून द्यायचे, हे या कंपनीचं काम. त्याला ते 'पोर्ट करणं' म्हणत.

आई-वडील गेल्यापासून आम्हा दोघांत बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने मला कन्सोलवरचा 'कातळकडा' दाखवला. दोघांनी एका दोराने कडा चढायचा. एकजण चढणार, दुसरा खाली दोर सांभाळणार. हातात काही धरायचं नाही, मनगटाला फक्त एक रबरी पट्टा. बोट हलण्याच्या आधी स्नायूंत बारीकशी वीज खेळते, ती हा पट्टा वाचतो. त्यामुळे पडद्यावरचा हात आपलाच वाटतो. आम्ही चार दिवस चढत होतो. कितीतरी वर्षांनी आम्ही एकमेकांवर ओरडलो, हसलो, जेवणं विसरलो. निघताना तो म्हणाला, "तुझ्याकडे कम्प्युटर आहे ना? आमचा पोर्ट येतोय. पट्टा पाठवतो. दर रविवारी खेळू."

तो पट्टा आला, गेमही आला. तो मात्र दिवाळीतला गेम नव्हता.

माउसचा बाण पडद्यावर दिसायचा, पण त्याने काही व्हायचं नाही. यादीत खाली जायला एकच बटण बारा-बारा वेळा दाबावं लागे. आवाज कमी करून ठेवला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण. कड्यावरचं गवत मधूनच जांभळं व्हायचं. संग्रामचा चेहरा कधीकधी यायचाच नाही. हेल्मेटखाली नुसते दात आणि दोन बुबुळं तरंगत माझ्याशी बोलायची. आणि खेळ साठवताना प्रत्येक वेळी ताकीद, 'कृपया कन्सोल बंद करू नका.' कुठला कन्सोल? माझ्या टेबलावर प्रमाणपत्रं छापायचा जुना कम्प्युटर होता.

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन होत नव्हता तो उशीर. मी मूठ आवळली, की पडद्यावरची मूठ जराशी मागाहून आवळायची. कधी थोडी मागाहून, कधी जास्त. माझं सगळं आयुष्य वेळेवर हात घालण्यात गेलेलं. मुलगी खांबावरून सुटते तेव्हा तिच्या कमरेला हात लागायचा एकच क्षण असतो, तो माझ्या हातांना डोळे मिटूनही कळायचा. आणि इथे संग्राम दर रविवारी सकाळी माझ्या दोरावरून दरीत पडत होता.

"तू दोर उशिरा ओढतेस आक्का."

"मी वेळेवर ओढते. तुमचं यंत्र उशिरा ऐकतं."

"अजून थोडे दिवस दम धर. नवीन अपडेट येतंय. सवय होईल."

डिसेंबरात ते अपडेट आलं. त्रिकोण तसाच होता. गवतही जांभळंच. मात्र गेमच्या सुरुवातीला एक गुहा आली होती. तिला 'सराव' असं नाव होतं आणि ती टाळायची सोय नव्हती. छतावरून थेंब पडायचे, ते ओंजळीत झेलायचे, रोज पंधरा मिनिटं. प्रत्येक थेंबाला मनगटावर पट्ट्यातून मुंगी चावल्यासारखा बारीक झटका बसे. पहिल्या दिवशी मी निम्मे थेंब सोडले. नवव्या दिवशी एकही सुटला नाही.

त्या रविवारी संग्राम एकदाही पडला नाही. आम्ही तीन कडे चढलो. "बघ, म्हणलं होतं ना!" तो ओरडला. मीही लहान पोरीसारखी टाळ्या पिटल्या. त्या आनंदाची मला आज सगळ्यांत जास्त किळस येते.

*

पुढच्या पंधरवड्यात काही विचित्र गोष्टी झाल्या. दिव्याचं बटण दाबायला गेले, तर मी दाबायच्या आधीच दिवा लागला असं वाटायचं. वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडून पाहिला आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. वर्गात टाळी वाजवून मोजणी देताना टाळीचा आवाज हात मिळायच्या आधीच ऐकू यायचा, आणि मुली म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही घाई करताय." भाजीवाल्याने गमतीत लिंबू फेकलं, तर माझी मूठ हवेत मिटली आणि लिंबू कपाळावर बसलं. तो हसला, मीही हसले. डोळ्यांच्या डॉक्टरने नंबर थोडा वाढवून दिला.

जिल्ह्याची निवड स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. माझी सगळ्यांत तयारीची मुलगी अन्विता थोरवडे, बारा वर्षांची. वडील सैन्यात, आई सुनंदाताई मंडईजवळ शिवणकाम करायची. अन्विता खांबाच्या टोकावरच्या बोंडावर उभी राहून उलटी उडी घेत असे. ती उडी आम्ही दोनशे वेळा केली असेल. मी बाजूला उभी, ती सुटणार, मी कमरेला हात देणार, ती पायांवर उतरणार.

त्या संध्याकाळी ती सुटली. माझे हात गेले, मिटले. त्यांत काही नव्हतं. मग ती माझ्या हातांसमोरून खाली गेली.

गादीच्या कडेला तिचा डावा हात आधी टेकला. कोपराच्या वरचं हाड मोडलं. तो आवाज मला आजही नीट सांगता येत नाही. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती, ओठ पांढरे पडलेले. सारखी म्हणत होती, "मॅडम, माझाच पाय सरकला. तेल जास्त झालं होतं. सॉरी मॅडम."

हाडात तारा घालाव्या लागल्या. दवाखान्यात सुनंदाताईंनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही कशाला रडताय? खेळ म्हणलं की लागणारच." मी मान हलवली. बारा वर्षांच्या पोरीने माझा दोष स्वतःच्या पायावर घेतला होता आणि मी तो घेऊ दिला होता.

दुसऱ्या दिवशी सायराने मला त्या उडीचा व्हिडिओ दाखवला. सायरा मुजावर माझी जुनी विद्यार्थिनी, आता माझ्या हाताखाली वर्ग घेते. स्पर्धेसाठी ती रोजचा सराव मोबाइलवर घेत असे.

"मॅडम, अन्विताचा पाय सरकलेला नाही," ती हळूच म्हणाली. "उडी बरोबर आहे."

आम्ही तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत पाहिला. एका सेकंदाच्या साठ फ्रेम. अन्विताची उडी पुस्तकात छापावी अशी होती. माझे हातही एकदम बरोबर जागी गेले होते आणि बरोबर मिटले होते. फक्त आठ फ्रेम आधी. तेव्हा ती दोन फूट वर होती. ती आली तोवर माझे हात उघडून मागे जायला निघाले होते.

हात थकला तर उशीर होतो. म्हाताऱ्या माणसालाही उशीरच होतो. घाई कशी होईल? मग मला लिंबू आठवलं. मी सायराला मागच्या खोलीत नेलं, पट्टा बांधला आणि तिला माझा हात आणि पडदा दोन्ही एकाच व्हिडिओत घ्यायला सांगितलं. मी मूठ मिटली. पडद्यावरची मूठ मिटेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजलं. आठ. पुन्हा केलं. आठ. वीस वेळा केलं, वीसही वेळा आठ. पूर्वी कमीजास्त असणारा तो उशीर आता घड्याळासारखा नेमका झाला होता, आणि तेवढ्याच मापाने मी जगाच्या पुढे धावत होते.

*

पुण्याला संग्रामच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सुट्टीचा दिवस. तो सोफ्यावर बसून कन्सोलवर खेळत होता. मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्याने अन्विता पडताना पाहिली. मग माझ्या मुठीचा व्हिडिओ पाहिला. त्याने पट्टा काढून ठेवला.

"आठ फ्रेम म्हणजे एकशेतीस मिलिसेकंद," तो म्हणाला. त्याने मोजलं नाही. त्याला तो आकडा पाठ होता.

"काय केलंत तुम्ही?"

तो बराच वेळ बोलला. त्याला समजावून सांगायची हौस लहानपणापासूनची, आणि बोलता बोलता तो जरासा रंगातही आला, हे मी विसरणार नाही. कन्सोल सगळे एकसारखे असतात, त्यामुळे गेम त्यांच्या मापाने शिवलेला असतो. घरचे कम्प्युटर शंभर तऱ्हेचे. म्हणून मध्ये एक दुभाषा प्रोग्राम बसवतात. तो कन्सोलची प्रत्येक आज्ञा कम्प्युटरच्या भाषेत फिरवतो, आणि त्यात वेळ जातो. तो उशीर काढायचा तर गेमचा निम्मा भाग नव्याने लिहावा लागतो.

"पण मेंदू फार हुशार असतो आक्का. आपण काही केलं आणि त्याचा परिणाम दर वेळी सारख्याच उशिराने झाला, तर मेंदू थोड्या वेळात तो उशीर हिशेबातून काढून टाकतो. त्याला 'आत्ता' म्हणजे कधी, हेच तो सरकवतो. हे जुनंच संशोधन आहे. प्रयोगशाळेत लोकांना असा उशीर लावला आणि मग अचानक काढून घेतला, तर त्यांना बटण दाबायच्या आधीच दिवा लागल्यासारखं वाटतं."

"मला वाटलं तसं."

"हो. एरवी ते काही मिनिटांत जातं. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. कमीजास्त होणारा उशीर सगळीकडे एकशेतीसवर पक्का केला, कारण मेंदूला ठरावीक उशिराचीच सवय होते. आणि त्या गुहेत रोज थोडाथोडा वाढवत नेला. झेलायच्या नेमक्या क्षणी पट्ट्यातून मनगटाच्या नसेला झटका दिला, की ती सवय मुरते. टिकते. खेळणाऱ्याला उशीर कळतच नाही. तक्रारी नव्वद टक्के कमी झाल्या."

"म्हणजे गेम दुरुस्त केला नाही."

"गेम नीट करायला आठ महिने लागले असते." मग त्यांच्या ऑफिसात बहुधा हसत हसत म्हटलं जाणारं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. "माणूस पोर्ट करायला नऊ दिवस लागतात."

मी बेसिनपाशी गेले आणि वाहत्या पाण्याखाली मनगटं धरली.

"ही सवय बाहेरही तशीच राहते, हे माहीत होतं तुम्हाला?"

"सावकाश कामांत काही फरक पडत नाही. डोळे सांभाळून घेतात. जेवण, लिहिणं, काही अडत नाही. फक्त अगदी झटपट..."

"मी काय करते रे, संग्राम? मी पोटासाठी काय करते?"

त्याने काढून ठेवलेला पट्टा आणखी लांब सरकवला.

"तू स्वतः कम्प्युटरवर खेळलास हा गेम? एकदा तरी?"

"नाही," तो म्हणाला. "ऑफिसात कुणीच नाही खेळत. आमच्याकडे कन्सोल आहेत."

मग त्याने उरलेलंही सांगितलं, बहुतेक मी दुसरीकडून ऐकू नये म्हणून. अपडेट सगळ्यांना द्यायच्या आधी चाळीस लोकांवर चाचणी होती. त्यांना एखादा असा माणूस हवा होता ज्याचे हात वेळेला पक्के आहेत. तसे हात सरकले, तर कुणाचेही सरकतील. त्याने माझं नाव दिलं होतं. संमतीची चौसष्ट पानं मी गेम सुरू करताना 'मान्य' म्हणून दाबली होती. त्यांच्या यादीत मी नमुना क्रमांक अडतीस होते.

"मला वाटलं, आपल्याला दर रविवारी खेळता येईल," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

मी चप्पल घालायला लागले तसा तो मागे आला. "आक्का, ऐक. उलटा सराव करता येतो. नऊ दिवसांत हात परत जागेवर. मी बोलतो कंपनीशी, ते देतील. फक्त एक कागद लागेल, की त्या मुलीच्या पडण्याशी याचा संबंध नाही. काही केलं नाहीस तरी तीन-चार महिन्यांत आपोआप उतरेल. पण निवड स्पर्धा तोंडावर आहे तुझी."

"आणि बाकीच्यांना?"

"पुढच्या महिन्यात सगळ्यांना जातंय अपडेट. चार लाख लोक आहेत."

मी दार ओढून घेतलं.

*

कराडला उतरल्यावर मी घरी न जाता सुनंदाताईंच्या दुकानात गेले. त्या मशीनवर होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फ्रेमसकट. त्यांनी पाय थांबवला नाही. शिलाई पूर्ण केली, दोरा तोडला.

"म्हणजे माझी पोरगी तुमच्या खेळापायी पडली."

"हो."

"आणि ती आठ दिवस झाले मला सांगतेय की तिचं चुकलं."

"तिचं काही चुकलं नाही. मी तिला तसं सांगायला येणार आहे."

"येऊ नका," त्या म्हणाल्या. "मी सांगेन."

त्या दिवसापासून मी वर्ग सायराच्या हाती दिला. खांबाजवळ जायचं सोडलं. मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आणि पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूच्या वेळेवर काम करणाऱ्या डॉ. आठल्ये यांना भेटले. त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून बटण आणि दिव्याचे खेळ केले. वरून सोडलेली काठी पकडायला लावली. दुसऱ्यांदा मोजताना त्यांच्या भुवया वर गेल्या.

अडचण त्यांनीच सांगितली. हे खासगी मोजमाप होतं, कंपनी ते मानणार नव्हती. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञांपुढे पुन्हा मोजावं लागणार, आणि तारीख नऊ आठवड्यांनंतरची मिळाली होती. "तोवर तुमची सवय बरीचशी उतरलेली असेल," त्या म्हणाल्या. "मग ते म्हणतील, या बाईंना काही झालंच नव्हतं. पुरावा म्हणजे तुमचा मेंदू. दुसरा नाही."

"उतरू द्यायची नसेल तर?"

त्यांनी चष्मा काढला. "मी डॉक्टर म्हणून ते सुचवणार नाही."

सुचवायची गरज नव्हती. मी घरी आले, कपाटात फेकलेला पट्टा काढला, मनगटाला बांधला. कम्प्युटर चालू केला. अकरा मिनिटं थांबले. त्रिकोण दाबा. मी आर दाबला.

रोज दुपारी पंधरा मिनिटं मी त्या गुहेत बसायचे आणि थेंब झेलायचे. कशालाही इतकी घाण वाटून मी कधी हात लावला नसेल. मनगटाला झटका बसला की अंगावर शहारा यायचा. खेळून झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, जणू काही लागलंय. आपला हात कुणीतरी रोज थोडा थोडा ओढून नेतंय आणि आपणच तो पुढे करतोय. बाहेर संध्याकाळी मुलींच्या उड्यांचे आवाज यायचे. मी खिडकी लावून घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. सुनंदाताई अन्विताचे वर्गातले कपडे न्यायला आल्या होत्या. दार लोटलेलंच होतं. त्यांनी मला पट्टा बांधून पडद्यासमोर बसलेली पाहिलं.

"अजून खेळताय?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या पोरीच्या हातात तारा आहेत आणि तुम्ही अजून खेळताय? लाज कशी वाटत नाही?"

मी उठू शकत नव्हते. सराव मध्येच सोडला तर तो पहिल्यापासून करावा लागतो, तीही त्या पोर्टची एक घाण. मी थेंब झेलत झेलतच त्यांना का खेळतेय ते सांगितलं. माझा आवाज रडका झाला, पण हात थांबले नाहीत. एकही थेंब सुटला नाही. त्यांनी ते पाहिलं.

पंधरा मिनिटं त्या दारात उभ्या होत्या. संपल्यावर मी हात धुवायला गेले, तशा त्या मागे आल्या. माझ्या मनगटावरचे लाल ठिपके त्यांनी निरखून पाहिले.

"तुम्ही खरंच एवढंच खेळता, की जास्त, हे कोण सांगणार तिथं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"उद्यापासून मी येते."

त्या रोज दुपारी यायच्या. हातात काजं-बटणांचं काम. वहीत तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ लिहायच्या आणि खाली सही करायच्या. माझ्याशी फारसं बोलायच्या नाहीत. चहा विचारला तर नको म्हणायच्या. एकदा गवत जांभळं झालं, तेव्हा मात्र न राहवून म्हणाल्या, "शी! हे असलं लोकांना देतात?" त्या सगळ्या आठवड्यांत आम्ही एकमेकींशी मनापासून बोललो ते तेवढंच.

मधल्या काळात निवड स्पर्धा होऊन गेली. आमच्या दोन मुली निवडल्या गेल्या. अन्विता प्लास्टर घातलेल्या हाताने बघायला गेली होती, असं सायराने सांगितलं. त्याच सुमाराला ते अपडेट चार लाख लोकांना गेलं. कंपनीच्या पानावर एकच ओळ होती, 'सरावाचा अनुभव अधिक सुरळीत केला आहे.'

*

आयोगाच्या तज्ज्ञांनी मला सकाळपासून दुपारपर्यंत मोजलं. एकशे सव्वीस मिलिसेकंद. मग आठवडाभर माझा पट्टा काढून ठेवला आणि पुन्हा मोजलं. एकशे नऊ. सवय उतरत होती, म्हणजेच ती लावली गेली होती.

सुनावणीला कंपनीच्या बाजूने तांत्रिक माहिती द्यायला संग्राम आला होता. पांढरा शर्ट, हातात फाइल. आमच्या बाजूला सुनंदाताई आणि त्यांची वही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कंपनीच्या वकिलांनी वयाचं सांगितलं, ताणाचं सांगितलं, संमतीची चौसष्ट पानं दाखवली. मग अध्यक्षबाईंनी संग्रामला विचारलं, "ही सवय गेमच्या बाहेरही टिकते, हे अपडेट देण्याआधी कंपनीला माहीत होतं का?"

त्याने फाइल उघडली. काय वाचायचं ते तिथे लिहिलेलं असणार. त्याने ती पुन्हा मिटली. वकिलांनी खोकून त्याला आठवण करून दिली.

"होतं," तो म्हणाला. "मीच मोजलं होतं. या माझ्या बहिणीवर."

निकाल लागला. गुहा काढून टाकायचा, सगळ्यांना कळवायचा आणि ज्यांना हवे त्यांचे हात मोजून द्यायचा आदेश निघाला. त्यानंतर महिनाभर लोकांची पत्रं येत होती. एक भूल देणारे डॉक्टर होते. ट्रक चालवणारे दोघे होते. एका बाईने लिहिलं होतं, बाळाला आंघोळ घालताना दोनदा हातातून सुटलं, मला वाटलं मीच वाईट आई आहे. ते पत्र मी दोनदा वाचू शकले नाही.

संग्रामची नोकरी गेली. आयोगाच्या पायऱ्यांवर त्याने मला हाक मारली होती. "आक्का, आता तरी बोलशील?"

"मला सांगून काय उपयोग? अन्विताकडे जा," मी म्हटलं.

तो गेला. तिने त्याला दारातच उभं ठेवलं आणि तिची उडी कशी होती ते विचारलं. त्याने पाहिलेला व्हिडिओ आठवून सांगितलं, बरोबर होती. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि आत गेली. हे त्यानेच मला फोनवर सांगितलं. आमचं बोलणं होतं अधूनमधून. खेळणं होत नाही.

माझे हात जागेवर यायला साडेपाच महिने लागले. कुठलाही उलटा सराव मी केला नाही. कुणाच्याही यंत्रात पुन्हा हात द्यायची माझी तयारी नव्हती. सायरा शिडीवर चढून वाळूच्या पिशव्या सोडायची आणि मी झेलायचे. पहिल्यांदा सगळ्या पायांवर पडल्या. डॉ. आठल्यांनी शेवटचं मोजलं तेव्हा आकडा चारवर आला होता. "इतका कुणाचाही असतो," त्या म्हणाल्या.

जुलैमध्ये अन्विता परत आली. डावा हात पूर्ण सरळ होत नाही, पण डॉक्टरांनी परवानगी दिली होती. दोन महिने तिने खालच्या पकडी केल्या. मग एका संध्याकाळी ती तेल लावून बोंडावर चढली आणि उभी राहिली. सुनंदाताई भिंतीला टेकून बघत होत्या. मी आणि सायरा, दोघी खांबाजवळ होतो.

मी वर पाहिलं. "कुणी उभं राहायचं, तू सांग."

तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा सायराकडे. ओठ आत घेतले. माझं मन दुखवायचं नव्हतं तिला, ते दिसत होतं.

"सायरादीदी," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही समोर राहाल? मला तुम्ही दिसायला पाहिजे."

मी चार पावलं मागे गेले आणि तिच्या समोर उभी राहिले. सायराने जागा घेतली. अन्विताने श्वास घेतला आणि ती सुटली.

माझे हात आपोआप पुढे गेले आणि मिटले. नेमक्या क्षणी, सायराचे मिटले तेव्हाच. सायराच्या हातांत अन्विता होती.